दादा, फॉर्मात तसं लिहिलं नव्हतं

प्रिय दादा,

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मी बाबांना सांगून टाकलं. तुझ्या शर्यतीच्या फॉर्मात खरं काय लिहिलं होतं ते. आपण दोघांनी सात वर्षं जे दाबून ठेवलं आणि तू गेल्यावर पुढची दीड वर्षं मी एकटीने सांभाळलं, ते. गुपित दोघांचं होतं, म्हणजे आधी तुला विचारायला हवं होतं. पण तुला विचारायचं कुठे? म्हणून आता निदान कळवते आहे.

तू असतास तर म्हणाला असतास, "काय गरज व्हती, येडे?" गरज होती. ती कशी ते सांगतेच. पण त्याआधी मला थोडा वेळ तुझ्याबरोबर बसायचं आहे. दीड वर्षं मी तुला मोकळेपणी आठवलेलंच नाही. कुठूनही सुरुवात केली तरी आठवण फिरून त्या कागदापाशी यायची आणि मी उठून कामाला लागायची. आज आली तर येऊ दे.

आपल्या शेतात पहिला डंपर आला तो दिवस आठवतो तुला? भाताच्या खाचरात लाल मुरमाचा ढीग पडला, मग दुसरा, मग दहा. बाबा बांधावर उकिडवे बसून बघत होते. जमीन विकली होती, पैसे घेतले होते, तरी खाचर बुजताना बघायला ते रोज जायचे. आई म्हणायची, "कशाला जाता, जिवाला त्रास करून घ्यायला?" आणि तू? तू त्या ढिगांकडे बघून माझ्या कानात म्हणालास, "वैजू, बघ. आपल्यासाठी डोंगर आनून टाकलाय."

गोदाम बांधायला आधी भराव लागतो आणि भराव टाकला की रोलर यायला महिना-दोन महिने जातात. तेवढे दिवस तो मुरूम तुझा. रोलर आला, सपाट झालं, पत्रे चढले की तू शेजारच्या प्लॉटवर. अंजूरपासून दापोड्यापर्यंत आज इतकी गोदामं उभी आहेत, कंटेनरच्या रांगा लागतात, पण मला खात्री आहे की त्यातल्या निम्म्यांच्या जोत्याखाली तुझ्या टायरचे वळ आहेत. मी रिक्षातून जाताना अजून मोजते. इथे तू पहिल्यांदा दोन्ही चाकं हवेत नेलीस. इथे पडून दात पाडून घेतलास. इथे डंपरचे ड्रायव्हर जेवणाचे डबे घेऊन तुझ्या उड्या बघायला बसायचे आणि त्यांचा मुकादम आरडाओरडा करायचा.

आणि ती मोटारसायकल. दुधवाल्या काकांनी काढून टाकलेली, मागे कॅन अडकवायचे हूक तसेच असलेली. तू करवतीने हूक कापायला बसलास तेव्हा आईने विचारलं, "दूध घालायचं न्हाय तर गाडी कशाला?" तू कापतच राहिलास. तेव्हा तुलाही ठाऊक नव्हतं की या खेळाला मोटोक्रॉस म्हणतात. तुला वाटायचं हे खूळ जगात तुझ्या एकट्याचंच आहे.

ते नाव तुला युसुफभाईंनी सांगितलं. एका महिन्यात तिसऱ्यांदा तू पुढचा फोर्क वेल्डिंग करायला त्यांच्या भिवंडीच्या गॅरेजवर गेलास, तेव्हा त्यांनी हत्यार खाली ठेवून विचारलं होतं, "तू करता क्या है इसका? रोज नाले में फेंकता है?" तीस वर्षं कापडाचे लूम दुरुस्त केलेला माणूस, मग मोटारसायकलींकडे वळलेला, तरुणपणी पुण्यात डर्ट ट्रॅकच्या शर्यती बघितलेला. तू त्यांना मागे बसवून मुरमावर आणलंस. मी शाळेतून येत होते, दप्तर घेऊन तिथेच थांबले. तू चार उड्या मारल्यास, पाचव्या वेळी गाडी एकीकडे आणि तू दुसरीकडे. युसुफभाई जागचे हलले नाहीत. तू धूळ झटकत आलास तेव्हा म्हणाले, "गिरता अच्छा है. बाकी सिखा देंगे."

घरी येऊन तू ते वाक्य मला किती वेळा म्हणून दाखवलंस. कुणीतरी पहिल्यांदा तुला एखादी गोष्ट चांगली येते असं म्हटलं होतं. दहावीला दोनदा नापास झालेल्या मुलाला आणखी काय हवं होतं?

मग युसुफभाईंनी तो फॉर्म आणून दिला.

पुण्याच्या शर्यतीचा, चार पानी, सगळा इंग्रजीत. तू सतरा वर्षांचा, म्हणून वडिलांची सही हवी. मी नववीत होते आणि आपल्या घरात इंग्रजी वाचून समजणारी मी एकटी. तू आदल्या दिवशी फॉर्म माझ्याकडे दिलास. मी शाळेची डिक्शनरी घेऊन मागच्या पडवीत बसले. तिसऱ्या पानावर एक शब्द अडला. शोधला. प्राणघातक. मग ते अख्खं वाक्य लागलं: हा खेळ प्राणघातक ठरू शकतो हे आम्हाला माहीत आहे, आणि काहीही झालं, मृत्यू आला तरी, आयोजकांवर कसलीही जबाबदारी नाही.

तू भाताच्या कणगीला टेकून उभा होतास. "काय लिवलंय?"

मी सांगितलं.

तू विचारलंस, "हे वाचून दाखवलंस तर बाबा सही करतील?"

"नाही."

"मंग?"

तू एवढंच म्हणालास, दादा. खोटं वाच असं तू मला कधीच सांगितलं नाहीस. मी हे किती वेळा मनात उलटंसुलटं केलं आहे. तुझ्यावर रागावायचं असेल तर त्या "मंग"वर रागावता येतं. पण पुढचं सगळं माझं होतं.

दुसऱ्या दिवशी युसुफभाई ओटीवर बसले होते. बाबांनी आंघोळ करून पांढरा शर्ट घातला होता, तलाठ्याकडे जाताना घालायचे तो. चौथी शिकलेल्या माणसाला सही म्हणजे मोठं काम. म्हणाले, "वैजू, वाच बाय. समदं वाच." मी ओळीवर बोट ठेवून आधी इंग्रजी वाचायची, मग मराठी सांगायची. हेल्मेट घातलं पाहिजे. वेळेवर हजर राहिलं पाहिजे. दारू पिऊन गाडीवर बसायचं नाही. हे सगळं खरंच होतं. मग तिसरं पान आलं. मी इंग्रजी वाक्य अडखळत वाचलं आणि म्हणाले, "पडला-झडला तर त्यांचा डॉक्टर बघेल. मुलाची सगळी जबाबदारी त्यांची."

"सगली?"

"सगळी."

"मंग चांगली मानसं हायेत," बाबा म्हणाले आणि त्यांनी सही केली. एकेक अक्षर कोरल्यासारखं.

युसुफभाईंनी चहाची बशी खाली ठेवली होती. मला वाटलं, चहा संपला.

पहिल्या शर्यतीत तू शेवटून दुसरा आलास. तरी परत येताना काय मिजास होती तुझी. अंगावर माती तशीच, धुवायला तयार नाही. "पुन्याची हाय," म्हणालास. आई म्हणाली, "पुन्याची असो न्हायतर लंडनची, न्हाणीत काढ." लूमच्या कारखान्यातून पोतंभर चिंध्या आणायचास गाडी पुसायला. आपली कपडे वाळवायची दोरी आठवते? एका टोकाला बाबांचं धोतर, मध्ये तुझी रंगीत जर्सी, दुसऱ्या टोकाला माझा शाळेचा निळा युनिफॉर्म. शेजारच्या काकी म्हणायच्या, तुमच्या घरात नक्की राहतं तरी कोण?

तिसऱ्या वर्षी तू जिंकायला लागलास. मग असा लागलास की थांबलाच नाहीस. नाशिक, बडोदा, कोईमतूर. मी कॉलेजात गेले तोवर तू देशाचा चॅम्पियन झाला होतास आणि गावात कुणालाच नीट कळत नव्हतं की कशाचा. आत्या विचारायची, "जत्रंतल्या विहिरीत फिरवतान तसा का रं?" बाबा तिला समजावायचे, "न्हाय गो, ह्यो उघड्यावर." मिरवणूक मात्र सगळ्यांना कळली. टेम्पोवर तू, पुढे बँजो, हळदीला नाचतात तसे सगळे नाचत होते, आणि बँजोवाल्याला चॅम्पियनसाठी वेगळं काही वाजवता येत नव्हतं म्हणून त्याने लग्नाचंच वाजवलं. म्हातारी माणसं ओटीवरून विचारत होती, नवरी कुठे आहे?

प्रत्येक मोठ्या शर्यतीनंतर बाबा तुला गणेशपुरीला न्यायचे. एसटीने, आम्हालाही घेऊन. गरम पाण्याच्या कुंडात बसलं की हाडं सुटतात असं त्यांचं म्हणणं. मी आणि आई बायकांच्या बाजूला आणि भिंतीपलीकडून तुम्हा दोघांचं बोलणं ऐकू यायचं. बाबा तुझी पाठ चोळत एकेका व्रणाचं विचारायचे.

"ह्यो कुटला?"

"नाशिक."

"आनि ह्यो लांबडा?"

"कोईमतूर."

"कुटं आलं त्ये?"

"लय लांब बाबा. दोन रात्री गाडीत."

बाबा भारताचा नकाशा तुझ्या पाठीवर शिकले. आई भिंतीकडे तोंड करून बसायची. तिला ती नावं ऐकायची नसायची. पण बाबांना भीती वाटायची नाही. माझं त्या बोलण्याकडे लक्ष असायचं, कारण ती भीती का वाटत नाही हे मला माहीत होतं. तुझी जबाबदारी घेणारी चांगली माणसं तिथे आहेत, असा त्यांचा समज होता. तो मी दिला होता.

तुला अठरा पूर्ण झाल्यावर वडिलांच्या सहीची गरज राहिली नव्हती. फक्त एका नातेवाईकाची सही साक्षीला. मी करू शकले असते. पण बाबांना ते मान्य नव्हतं. हंगाम सुरू व्हायच्या आधी आंघोळ, पांढरा शर्ट, ओटी, आणि "वैजू, वाच." मला ते पाठ झालं होतं. सात वर्षं मी त्याच ठिकाणी बोट ठेवून तेच वाक्य म्हटलं. बाबाही मग माझ्याबरोबर म्हणायला लागले होते, "सगली जबाबदारी त्यांची," आरतीची शेवटची ओळ म्हणावी तसे.

आणि याच काळात मी गावातल्या बायकांना काय शिकवत होते, आठवतं ना? बचत गटाच्या बैठकीत उभी राहून, "न वाचता अंगठा द्यायचा नाही. समजलं नाही तर माझ्याकडे या. कागदात जे आहे तेवढंच सांगेन, कमी नाही, जास्त नाही." गोदामवाल्यांचे करार घेऊन बायका यायच्या. मी एकेक कलम फोडून सांगायची. एका काकींची विहीर मी अशी वाचवली होती, चौथ्या पानावरच्या दोन ओळींतून. तू दारात उभा राहून ऐकायचास आणि बायका गेल्या की हळूच म्हणायचास, "वकीलीनबाई, आमचा फॉर्म कवा वाचनार?"

एकदा मी तुला उशी फेकून मारली होती. दादा, त्या वेळी मी खरंच हसत होते का? मला आता आठवत नाही.

माझा बी.ए.चा निकाल लागला तेव्हा मी रडले नाही, तू रडलास. फळीवर मधोमध तुझा सगळ्यात मोठा कप होता. तो तू सरकवून कोपऱ्यात ठेवलास आणि त्या जागी माझं गुणपत्रक उभं केलंस, कारण पदवीचा कागद यायला अजून अवकाश होता. बाबांना म्हणालास, "कप काय, पुढच्या वर्षी दुसरा कोनी नेतो. हे कोनी नेत न्हाय." आपल्या घरातली पहिली पदवी. तू भिवंडीत निम्म्या लोकांना पेढे वाटलेस. युसुफभाईंच्या गॅरेजसमोर उभ्या असलेल्या टँकरवाल्यालासुद्धा.

त्यानंतर दोन महिन्यांनी नाशिकचा सराव.

त्या दिवशी शर्यतही नव्हती. नुसता माळावरचा सराव. तू नेहमीच्या उडीवर चुकलास आणि हँडल पोटात बसलं. तू उठलास. हात वर केलास, मी ठीक आहे म्हणून, तुम्हा शर्यतवाल्यांत करतात तसा. युसुफभाई म्हणाले, हॉस्पिटल. तू म्हणालास, दहा मिनिटं बसतो. ती दहा मिनिटं तू का बसलास, दादा? सरबत प्यायलास, कुणाची तरी चेष्टा केलीस, म्हणे. आणि आत रक्त साचत होतं. तुझा चेहरा पांढरा पडलेला बघितल्यावर युसुफभाईंनी तुला उचलून टेम्पोत घातलं. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. त्यांनी सगळं केलं. दुपारी मला फोन आला तेव्हा मी बाजारात आईसाठी चप्पल बघत होते.

चोवीस वर्षं. याच्यावर मी आणखी लिहीत नाही.

दहाव्याला आयोजकांपैकी दोघं आले, बरोबर युसुफभाई. बाबा ओटीवर बसले होते. ते ओरडले नाहीत. अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "तुमी कागदावर लिवलं व्हतं ना? सगली जबाबदारी तुमची. डॉक्टर बघंल. मंग कुटं व्हता डॉक्टर?" ती माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना काही कळेना. एक जण म्हणाला, "काका, असं कुठे..." आणि युसुफभाईंनी त्याचा हात दाबला. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग मान खाली घातली आणि म्हणाले, "गलती हो गई काका. माफ करो."

मी तिथेच उभी होते. हातात पाण्याचा तांब्या होता. मी पाणी देऊन आत गेले.

त्या दिवसापासून बाबांच्या डोक्यात एकच बसलं. आपला मुलगा खेळाने गेला नाही, दिलेला शब्द न पाळल्यामुळे गेला. कागद घेऊन आला युसुफ, तेव्हा फसवलं युसुफने. ज्या माणसाबरोबर ते सात वर्षं जेवले, ईदला ज्याच्या घरी गेले, त्याचं नाव घरात काढायचं नाही. भिवंडीला गेले तरी ते गॅरेजची गल्ली टाळून लांबून जायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, लिवून देऊन फसवलं आमाला. आणि लोक मला विचारायचे, तू तर शिकलेली, तू कशी सोडतेस त्यांना, कोर्टात का जात नाहीस?

मी रोज ठरवायची, उद्या सांगेन. उद्या बाबा थोडे बरे दिसायचे, मग वाटायचं, आज नको. किंवा जास्तच खचलेले दिसायचे, मग वाटायचं, आज तर नकोच.

गेल्या महिन्यात युसुफभाई आले. गॅरेज बंद करून उत्तरेला, त्यांच्या मूळ गावी कायमचे निघाले होते. फाटकाबाहेर चपला काढून उभे राहिले. केवढे म्हातारे दिसतात आता. बाबा दारातूनच म्हणाले, "ज्यानं कागदावर फसवलं त्याचं त्वांड मना बघायचं न्हाय." युसुफभाईंनी हात जोडले, चपला घातल्या आणि वळले.

मी मागून धावले. वळणावर गाठलं.

"युसुफभाई, त्या दिवशी मी फॉर्म वाचला तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

ते हसले. "बेटा, तीस साल मशीन के साथ आए अंग्रेजी कागज देखे हैं. डेथ लिखा हो तो समझता हूँ मैं."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तेव्हा मलापण पायजे होता वो लडका ट्रॅकवर. मेरी भी लालच थी." मग म्हणाले, "तू छोटी होती. मैं तो बडा था ना?"

"आणि दहाव्याला? बाबा तुम्हाला बोलत होते तेव्हा? एका वाक्यात सुटला असतात."

"क्या बोलता? त्यांचा बेटा गेला. बेटी भी ले लेता?"

दादा, ऐकलंस? दीड वर्ष त्यांनी माझं खोटं स्वतःच्या नावावर घेऊन काढलं होतं. आणि मी बायकांना शिकवत फिरत होते की कागदात जे आहे तेवढंच.

त्या रविवारी बाबा पडवीत बसून खाडीत टाकायचं जाळं दुरुस्त करत होते. मी तुझ्या फाईलमधली शेवटच्या फॉर्मची झेरॉक्स काढली आणि त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "बाबा, मी सात वर्षं हे खोटं वाचलं."

त्यांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "वाच."

मी सगळं वाचलं. पहिल्या पानापासून. तिसऱ्या पानावर आल्यावर मी ते वाक्य इंग्रजीत वाचलं, मग मराठीत. एकही शब्द बदलला नाही.

"परत वाच."

परत वाचलं.

मग तुझं नाव घेऊन विचारलं, "नरूला म्हाईत व्हतं?"

"हो."

"युसुफला?"

"हो. पण ते माझ्यासाठी गप्प बसले, बाबा. चूक माझी आहे."

आई दारात येऊन उभी राहिली होती. बाबांनी जाळ्याची एक गाठ मारली, सोडली, परत मारली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी सही केली नसती, वैजू."

एवढंच. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. तू कधीमधी बाबांचा मार खाल्लास, मी कधीच नाही. त्या दिवशी मला वाटलं, एक थप्पड मिळाली असती तर बरं झालं असतं.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मंगळवारी सकाळी पांढरा शर्ट घालून म्हणाले, "चल." गॅरेजचं अर्धं शटर खाली होतं, आत सामान बांधलेलं. बाबा वाकून आत गेले. युसुफभाई उठून उभे राहिले, त्यांच्या हातातली दोरी तशीच.

बाबा म्हणाले, "पोरीनं वाचलं न्हाय बराबर. नाव तुझ्यावर आलं."

"बैठो काका. चाय मंगाता हूँ."

"बिनसाखरंचा. डॉक्टरनं बंद केलंय."

"कब से?"

"झालं की वरीस."

एका खोक्यावर बाबा, एका खोक्यावर युसुफभाई. माफी हा शब्द कुणी काढला नाही. थोडा वेळ दोघांनी साखरेच्या गोळ्यांबद्दल बोलून घेतलं, कुठल्या गोळीने तोंड कडू होतं वगैरे. मग बाबांनी विचारलं, "गाडी कवा हाय?"

"जुम्मे को. कल्याण से."

"मी येतो सोडायला."

आणि गेले, दादा. शुक्रवारी आईने बांधून दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि वाळवलेली मासळी घेऊन गेले. मीही बरोबर होते; फलाटावर दोघं तुझ्याबद्दल बोलत होते. त्या पहिल्या दिवशी मुरमावर तू कसा पडलास ते युसुफभाई हाताने करून दाखवत होते आणि बाबा हसत होते. दीड वर्षात पहिल्यांदा बाबा तुझं नाव घेऊन हसले.

इथे पत्र संपवता आलं असतं. पण तुला अर्धंच सांगायचं असतं तर लिहायलाच बसले नसते.

बाबा माझ्याशी आता बोलतात. जेवताना शेजारी बसतात. पण काल कुरियरने एक कागद आला, खाडीकडच्या आपल्या शेवटच्या तुकड्याबद्दल, इंग्रजीत. आई म्हणाली, "वैजू घरात हाय, दे तिला वाचायला." बाबांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली. म्हणाले, "राहू दे." आणि रिक्षा करून भिवंडीला वकिलाकडे गेले.

मी आत जाऊन भांडी घासली.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? गावातल्या पंचवीस बायका ज्या मुलीकडे कागद आणतात, तिचे वडील आपला कागद रिक्षाने सहा मैल लांब नेतात. पण मी रागावले नाही. त्यांचं बरोबर आहे. ते वाचता येत नसल्यामुळे फसले नाहीत, वाचता येणाऱ्यावर विश्वास ठेवल्यामुळे फसले.

तू विचारशील, पुन्हा तो दिवस आला, मी कणगीला टेकून उभा राहिलो आणि "मंग?" म्हणालो, तर तू खरं वाचशील? दादा, हे मी स्वतःला फार वेळा विचारलं. खरं वाचलं असतं तर बाबांनी सही केली नसती. तू आज असतास. एखाद्या गोदामात पावत्या फाडत, जाडा झालेला, दोन मुलांचा बाप. आणि ती सात वर्षं नसती. नाशिक नसतं, कोईमतूर नसतं, टेम्पोवरची ती मिरवणूक नसती, कुंडातलं बोलणं नसतं. तुला विचारलं असतं तर तू काय निवडलं असतंस ते मला माहीत आहे. पण मी तुला कुठे विचारलं? आणि बाबांनाही कुठे विचारलं? निवडायचं त्यांचं होतं. चौदा वर्षांच्या मुलीने ते परस्पर करून टाकलं. कदाचित ते खरं ऐकून दोन दिवस गप्प बसले असते आणि तिसऱ्या दिवशी पांढरा शर्ट घालून सहीला बसले असते. आपण त्यांना तेवढं मोठं समजलोच नाही, दादा. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

म्हणून तुला वचन देते. बाबांकडे मी कागद मागणार नाही. "माझ्याकडे द्या" असं एकदाही म्हणणार नाही. ते वकिलाकडे जाऊ देत, दहा वर्षं जाऊ देत. पण ज्या दिवशी ते स्वतःहून माझ्यासमोर एखादा कागद ठेवतील आणि "वाच" म्हणतील, त्या दिवशी त्यात काहीही असो, आपली शेवटची जमीन जाणार असो, त्यांचा आजार असो, माझंच काही असो, मी वाक्य गाळणार नाही. हळू वाचेन, पण सगळं वाचेन. आणि वाचून झालं की गप्प बसेन. पुढचं त्यांचं.

तुझी,
वैजू